गोव्यातली रात्र आखताना: तावेर्नापासून टिटोज लेनपर्यंत, आणि परत

नकाशावर गोवा इवलासा दिसतो. त्यामुळे पुण्या-कोल्हापुराहून आलेली मंडळी एकाच रात्रीत पणजीला फेणी, बागाला नाच आणि वागातोरला पहाट असा बेत रचतात आणि निम्मी रात्र गाडीत काढतात. पणजी ते कळंगुट पंधरा-सोळा किलोमीटर आहे. हंगामात शनिवारी रात्री कळंगुटचा शेवटचा दीड-दोन किलोमीटरचा पट्टा पार करायला कधीकधी आधीच्या सगळ्या अंतराइतका वेळ लागतो. पाळोळे तर पणजीहून सत्तरेक किलोमीटर दूर. म्हणून पहिला नियम: एका रात्री एकच पट्टा. आणि दुसरा, जो बहुतेकांना उलटा वाटतो: बेत परतीपासून आखायला घ्या. मुक्कामावर कसं आणि किती वाजता पोचायचं हे ठरलं की आधीचे चार-पाच तास आपोआप जागेवर बसतात.

परत कसं यायचं

इथे ओला-उबर नाहीत. गोवामाइल्स हे अ‍ॅप २०१८पासून आहे. पणजी, पर्वरी, विमानतळ इथे ते बऱ्यापैकी चालतं. किनाऱ्यालगतच्या गल्ल्यांत मात्र स्थानिक टॅक्सीवाल्यांशी वाद नको म्हणून चालक बऱ्याचदा मुख्य रस्त्यावर या म्हणतो. रात्री दीड वाजता अनोळखी गल्लीतून अर्धा किलोमीटर चालायची तयारी नसेल तर या पर्यायावर विसंबू नका. तिघे-चौघे असाल तर संध्याकाळपासून एकच टॅक्सी ठरवणं सोयीचं पडतं. आठ तास-ऐंशी किलोमीटर असा हिशेब इथे सर्रास चालतो. ठरवताना तीन गोष्टी बोलून घ्या: थांबण्याचे पैसे त्यातच आहेत का, मध्यरात्रीनंतर वेगळा आकार आहे का, आणि गाडी नेमकी कुठे उभी राहणार. तिसरी गोष्ट लोक विसरतात. बागाच्या टिटोज लेनच्या तोंडाशी गाडी थांबू शकत नाही. चालकाचा नंबर एकाच्या नाही, दोघांच्या फोनमध्ये ठेवा. रात्री एक फोन बंद पडतोच.

पायलट, म्हणजे काळ्या-पिवळ्या मोटरसायकलवरून सवारी नेणारे, ही गोव्याची खास सोय. एकट्याने पणजीत किंवा मडगावात दोन-तीन किलोमीटर जायला यासारखं दुसरं काही नाही. पण तो दिवसाचा माणूस आहे. रात्री नऊनंतर स्टँडवर सापडला तर नशीब. बसचंही तेच. रात्री नऊनंतर बस मिळेल असं धरून चालू नका.

भाड्याची दुचाकी घेतलीच असेल तर तिच्या पाटीकडे बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर गाडी भाड्याने द्यायचा परवाना आहे. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी. ती भाड्याने देणं बेकायदा, आणि पोलिसांनी अडवलं की मालक फोन उचलत नाही. मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला मनाई आहे, तिने जुन्या पुलांवरूनच जायचं. आणि ही गाडी फक्त दिवसा, प्यायच्या आधी वापरायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सत्तर किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी साठ मिलीचा एकच पेग घेतला तरी ही रेषा ओलांडली जाऊ शकते. ‘एकच घेतलाय’ हे पोलिसापुढे उत्तर होत नाही, आणि गोव्याच्या वळणांवर, रस्त्यात बसलेल्या गुरांपुढे तर मुळीच नाही.

कुठला पट्टा कुणासाठी

कांदोळी-कळंगुट-बागा हा पट्टा गर्दी, दिवे, ओळखीची हिंदी-पंजाबी गाणी यांचा. टिटोज १९७१ पासूनचं. त्याच्याच नावाने ती गल्ली ओळखली जाते. पहिल्यांदा आलेल्याने इथे एक रात्र घालवावी, दुसरी घालवायची गरज बहुधा पडत नाही. हडफडे बागाला लागूनच आहे, डोंगराच्या अंगाचे मोठे क्लब तिथे. हणजूण-वागातोर म्हणजे ट्रान्स आणि टेक्नो संगीत. आसगाव-शिवोलीला जुनी पोर्तुगीज वळणाची घरं दुरुस्त करून उभारलेले कॉकटेल बार, जिथे आवाज कमी आणि बिल जास्त. पेडण्याकडचा आश्वे-मोरजी भाग महागडा आणि निवांत. हरमलला ढोल, गिटार आणि स्वस्त बीअर. पणजीला चालत फिरता येतं, म्हणून मद्य समजून घ्यायचं असेल तर आम्ही पणजीच सुचवू. दक्षिणेत बेतालभाटी, बाणावली, केळशी इथे गाणी ऐकत जेवायची जागा मुबलक. बेतालभाटीच्या मार्टिन्स कॉर्नरसारख्या ठिकाणी आजी-आजोबांना घेऊनही जाता येतं, आणि त्यांनाच तिथली जुनी गाणी सगळ्यात जास्त आवडतात.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे तात्पुरती हॉटेलं, हंगामी परवान्यावर उभे राहतात आणि पावसाआधी मोडून ठेवतात. जून ते सप्टेंबरमध्ये ‘समुद्रावर बसून’ हा बेत सोडा आणि पणजी-मडगावच्या पक्क्या छपराखाली या. नाताळ ते एक जानेवारी या आठवड्यात बागा टाळा, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या आठवड्यात प्रवेश, खोली आणि टॅक्सी तिन्हींचे भाव चढलेले असतात आणि क्लबच्या दाराशी पोचेपर्यंत पाय दुखतात. निवडणूक असेल तर मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास दारूविक्री बंद असते. गांधी जयंतीचीही खात्री करून या. गोव्यात दारू पिण्यासाठी २१ वर्षं पूर्ण हवीत. ओळखपत्र जवळ ठेवा, केस पिकलेले असले तरी. काही क्लबांच्या दारावर सगळ्यांकडे मागतात.

संध्याकाळी सहा: तावेर्न

रात्रीची सुरुवात क्लबमध्ये करणारे दोन चुका करतात. रिकाम्या नाचघराचा प्रवेश भरतात, आणि गोव्याचं खरं मद्य त्यांच्या वाट्याला येतच नाही. ते मिळतं तावेर्नात: दोन-तीन बाकं, भिंतीवर क्रूस किंवा गणपती, फळीवर बाटल्या, गल्ल्यावर मालक. पणजीत फोंतायनसच्या परिसरातला जोसेफ बार हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक झालेलं नाव. तिथे आत जागा इतकी कमी की निम्मी गिऱ्हाइकं पेला घेऊन बाहेर उभी असतात. म्हापसा, मडगाव आणि गावोगावच्या बाजारांत बिननावाचे कितीतरी आहेत. साधे बार दुपारच्या जेवणानंतर बंद होतात, संध्याकाळी परत उघडतात आणि खेड्यात दहाच्या सुमारास शटर ओढतात. म्हणून इथे सहा ते आठ हीच वेळ.

आत शिरल्यावर टेबलाशी वाट बघत बसू नका. गल्ल्यावर जाऊन मागा. ‘पात्रांव (म्हणजे मालक), एक फेणी दी’ एवढं पुरे. कोकणी येत नसेल तर मराठी सगळ्यांना कळतं. पैसे बऱ्याच ठिकाणी लगेच द्यायचे असतात, सुटे ठेवा. फोटो काढायचा तर आधी विचारा. रोजची गिऱ्हाइकं तिथे निवांतपणासाठी येतात, कुणाच्या रीलमध्ये दिसायला येत नाहीत.

आता मागायचं काय. मार्च ते मे या दिवसांत आलात तर हुर्राक, बाकी वर्षभर फेणी. दोन्ही काजूच्या बोंडांची. पिकून गळून पडलेली बोंडं मळून रस काढतात, तो तीनेक दिवस आंबवतात आणि भट्टीवर चढवतात. पहिल्या धारेला जे उतरतं ते हुर्राक, साधारण १५ टक्के अल्कोहोलचं, फळाचा वास अजून अंगात असलेलं. तेच आंबवलेल्या रसात मिसळून पुन्हा भट्टीवर चढवलं की फेणी, साधारण ४२ ते ४५ टक्क्यांची. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दक्षिण गोव्यात माडाची फेणीही मिळते. ती काजूची नव्हे, रेंदेराने माडावरून उतरवलेल्या सुरेपासून गाळलेली असते. वास मवाळ, घशाला सौम्य. फेणीच्या उग्र वासाने मागे सरणाऱ्याने आधी माडाची घ्यावी.

हुर्राकाचा पेला असा लावतात: ९० मिली हुर्राक, त्यात दीडशे मिली लिम्का, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली एक हिरवी मिरची आणि पेला भरून बर्फ. मिरची चेचू नका, नुसती चीर द्या. चेचली की दुसऱ्या घोटापासून फक्त तिखट लागतं. लिम्का आधीच गोड, म्हणून साखर लागत नाही. बर्फ कमी पडला तर आंबूस वास वर येतो, आणि हुर्राक वाईट म्हणणारे बहुतेकजण ते कोमट प्यायलेले असतात.

फेणीत ४५ किंवा ६० मिलीला लिम्का, जिंजर एल किंवा टॉनिक वॉटर, आणि लिंबू. आमची शिफारस कोकमाची: ६० मिली फेणी, १५ मिली आगळ (कोकमाचा खारवलेला रस), दोन चमचे साखरेचा पाक, वर सोडा. आगळ खारट असतं, त्यामुळे वेगळं मीठ घालायचं नाही. बाटलीतलं गोड कोकम सरबत वापरलंत तर पाक वगळा. कोलामध्ये फेणी घालू नका, दोघांचे वास एकमेकांशी भांडतात. बाटलीला नाक लावून वास घेऊन ठरवूही नका. पेल्यात बर्फावर पडल्यावर एक मिनिट थांबा, मग घ्या. अनंतमुळाची मुळं घालून मुरवलेली दुकशिरी फेणी कुठे दिसली तर ३० मिली नुसतीच, बिनपाण्याची.

जुलै-ऑगस्टमध्ये कुणी ‘ताजं हुर्राक’ देऊ लागलं तर हसून फेणी मागा. हुर्राक टिकाऊ नाही; पावसाळ्यात जे मिळतं ते फार तर मागे राहिलेलं असतं आणि पुष्कळदा पाणी घातलेली फेणी. रस्त्याकडेला पाण्याच्या जुन्या बाटल्यांतून विकतात ते मद्य ओळखीच्या माणसाने नेलं तरच घ्यावं.

सोबत खायचं काय? बारमध्ये मिळेल ते: चोरीस-पाव (गोव्याचं सॉसेज आणि पाव), रवा लावून तळलेली मासळी, कटलेट-पाव, क्रॉकेट, नाहीतर उकडलेलं अंडं. शाकाहाऱ्यांचे हाल होतात खरे, पण जवळपास भाजी-पावाचं हॉटेल आणि मिरची-भज्यांचा गाडा असतोच. संध्याकाळी गाड्यावरचं रोस ऑम्लेट, म्हणजे ऑम्लेटवर कोंबडीचा खोबऱ्याचा रस आणि बरोबर पाव, हे पुढच्या रात्रीसाठी पोटाला सगळ्यात चांगलं अस्तर. ते आधी खा. नंतर खाऊ म्हणणाऱ्यांचं जेवण सहसा राहूनच जातं.

शॅक आणि उघड्यावरचं संगीत

शॅकवर सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी पोचा. पुढच्या रांगेतल्या खाटा-खुर्च्या मागवणाऱ्याला सहसा फुकट असतात. बसण्याआधी ‘किमान ऑर्डर आहे का’ एवढं विचारा. मासा ताटलीत आणून दाखवतात, तेव्हा वजन आणि पूर्ण पदार्थाचा भाव तिथेच ठरवा. भाव किलोचा की नगाचा, या एका प्रश्नावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. आपली बाटली आणून वाळूत बसायचा विचार असेल तर सोडून द्या. किनाऱ्यावर उघड्यावर पिणं आणि बाटल्या फोडणं यासाठी गोव्यात मोठा दंड आहे. प्यायल्यावर पाण्यात उतरू नका. अंधारात जीवरक्षक नसतात आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर ओढ जबर आहे.

उघड्यावर ध्वनिक्षेपकाला रात्री दहा ते सकाळी सहा मनाई आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत आणि राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. कागदावरचा हा नियम बेतासाठी फार महत्त्वाचा. वागातोरच्या हिलटॉपसारख्या उघड्या जागी ट्रान्स ऐकायचा तर दुपारी चार-पाचलाच जायला हवं. अकराला पोचणाऱ्याला झाडांवरचे निऑन रंग दिसतील आणि घरी निघालेली माणसं. दहानंतरचं सगळं बंद छपराखाली. पाळोळ्याला यावर निघालेला तोडगा मजेदार आहे: हेडफोन पार्टी. प्रत्येकाच्या कानावर हेडफोन, त्यात दोन-तीन चॅनल, प्रत्येकावर वेगळा डीजे, आणि बाहेरून बघणाऱ्याला शांततेत नाचणारी माणसं. हेडफोनसाठी अनामत घेतात. परत करताना पावती विसरू नका. ही पार्टी एकदा जाण्यासारखी आहे, मात्र मुक्काम पाळोळे-आगोंदलाच हवा.

हंगामात शनिवारी हडफड्याला भरणारा रात्रीचा बाजार नाच न करणाऱ्यांसाठी उत्तम: गाणारे बँड, खाण्याचे गाडे आणि मधूनमधून बार. लवकर जा, सातच्या आत. नंतर गाडी लावायला जागा नसते.

आठ ते अकरा: कॉकटेल बार

यावर फार लिहिण्यासारखं नाही. आसगावातल्या आणि पणजीतल्या चांगल्या बारमध्ये शनिवारी टेबल आधी सांगून ठेवावं लागतं, आणि नावं दर हंगामाला बदलतात, त्यामुळे यादी पाठ करण्यात अर्थ नाही. एवढं करा: गोव्यात बनणारं मागा. ग्रेटर दॅन, हपुसा आणि स्ट्रेंजर अँड सन्स या जिन गोव्यातच गाळल्या जातात, पॉल जॉन व्हिस्की कुंकळ्ळीची. तिथल्या डिस्टिलरीत आधी वेळ घेऊन फेरफटका मारता येतो. दुपार रिकामी असेल तर तो संध्याकाळच्या दोन पेगांपेक्षा जास्त शिकवून जातो. बारटेंडरला मोकळ्या वेळी, म्हणजे साडेआठच्या आत, फेणीचं काहीतरी बनवायला सांगा. चांगला बार लगेच ओळखू येतो: फेणी लपवायला फळांचा रस ओतत नाहीत. साडेदहाला चार रांगा असताना तीच फर्माईश केलीत तर गोड सरबत मिळेल, आणि दोष तुमचा.

अकरानंतर: क्लब

अकराच्या आत क्लबला जाऊ नका. डीजेही नसतो आणि फरशीवर तुम्हीच असता. दाराशी पैसे देण्याआधी एक शब्द नीट ऐका: ‘कव्हर’ की ‘एंट्री’. कव्हर म्हणजे दिलेले पैसे आत खाण्यापिण्यातून वळते होतात. एंट्री म्हणजे गेले. दारावरचा पोरगा दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो, म्हणून विचारा: ‘यातले आत किती वापरता येतील?’ एकट्या पुरुषांना, इथल्या भाषेत स्टॅगना, जास्त पैसे पडतात किंवा प्रवेशच नसतो. जोडप्यांना आणि मुलींच्या गटाला कमी. पाच मित्र एकत्र उभे राहिलात तर बहुधा टेबल घ्यायला सांगतील. टेबल म्हणजे किमान खर्चाची हमी. पाच-सहा जण असाल तर हिशेब कधीकधी त्यातच परवडतो, दोघे असाल तर कधीच नाही.

‘अनलिमिटेड’ ऐकून भुलू नका. विचारायचे प्रश्न: कोणते ब्रँड, कुठल्या वेळेपर्यंत, एका वेळी किती पेले, आणि पाण्याची बाटली त्यात धरली आहे का. बहुतेक ठिकाणी स्वस्त ब्रँड, बाराला बंद आणि बारपाशी वीस मिनिटांची रांग. ज्याला दोनच पेग घ्यायचे आहेत त्याने साधा प्रवेश घ्यावा. पेय तुमच्यासमोर ओतून घ्या, बाटली समोर उघडायला लावा, नाचायला जाताना पेला टेबलावर सोडला असेल तर परत त्याला तोंड लावू नका. आत नेटवर्क मरतं, त्यामुळे युपीआयच्या भरवशावर राहू नका. टॅक्सीचे पैसे रोख, वेगळ्या खिशात.

बागा-कळंगुटच्या रस्त्यावर कानाशी येऊन ‘सर, डान्स बार? लेडीज?’ म्हणणारे दलाल भेटतील. प्रवेश अगदी स्वस्त सांगतात, रिक्षात नाहीतर दुचाकीवर बसवून आतल्या गल्लीत नेतात. बिल मागितलं की आकडा हजारोंत, आणि दारात दोन धिप्पाड माणसं. उत्तर न देता पुढे चालत राहा. ‘नको’ म्हटलं की बोलणं सुरू होतं. अडकलातच तर ११२ वर फोन. रुग्णवाहिकेसाठी १०८. अमली पदार्थ कुणी ‘इथे चालतं’ म्हणून पुढे केले तर ते इथेही चालत नाहीत. कायदा अख्ख्या देशाला एकच आहे, आणि पार्ट्यांवर छापे पडतात.

आणि एक गोष्ट आत शिरताच, पहिला पेला हातात घेण्याआधी: बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे ते बघा. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्यातल्या एका नाईट क्लबला आग लागली आणि २५ जणांचा जीव गेला. किनाऱ्याकडच्या बऱ्याच जागांना झावळ्यांची किंवा लाकडाची सजावट आणि एकच अरुंद वाट असते, काही तळघरात. आत फटाक्यांसारख्या ठिणग्या उडवत असतील, दुसरं दार खोक्यांनी अडलेलं असेल किंवा पायऱ्यांवर माणसांची दाटी असेल, तर भरलेले पैसे सोडून बाहेर या. गोव्यात क्लबांची टंचाई नाही.

मांडवीतल्या कॅसिनोबद्दल थोडक्यात. डेल्टिन रॉयलसारखी जहाजं पणजीच्या जेटीसमोर नांगरलेली असतात, फीडर बोट नेते-आणते. प्रवेशाच्या पैशांत जेवण, पेयं आणि काही चिप्स (डावावर लावायच्या चकत्या) येतात; त्यातल्या बऱ्याच चिप्स एकदाच खेळायच्या असतात, त्यांचे रोख पैसे होत नाहीत. वय २१, अंगात पूर्ण पँट आणि पायात बूट. फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना आत जुगार खेळायला मनाई आहे, त्यामुळे तिथे तुम्हाला गोवा भेटणार नाही. न जाता मांडवीच्या काठाने चाललात तर दिवे फुकट दिसतात.

पेल्यांचा हिशेब

गोव्यात कोण किती प्यायलं याचा अंदाज हटकून चुकतो, कारण पेले वेगवेगळे असतात. शुद्ध अल्कोहोलमध्ये मोजा. साठ मिलीचा ४२ टक्क्यांचा पेग म्हणजे २५ मिली, साधारण २० ग्रॅम. साध्या पाच टक्के बीअरची ६५० मिलीची बाटली त्याहून थोडी जास्त, ३२ मिली. आठ टक्क्यांची स्ट्राँग बीअर घेतलीत तर तीच बाटली ५२ मिली, म्हणजे दोन मोठे पेग झाले. ९० मिली हुर्राक साडेतेरा मिली, म्हणजे अर्धा पेग. पण ते सरबतासारखं जातं आणि दुपारी चार पेले कुठे गेले ते कळत नाही.

शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकाली काढतं. कॉफी, लिंबू, थंड पाण्याने आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. एका मोठ्या पेगला दोन तास, कधी तीन. रात्री एकपर्यंत सहा पेग झाले असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गाडी काढून आंबोली घाट चढू नका. डोकं दुखत नसलं तरी रक्तात अजून बरंच शिल्लक असतं. दर पेल्यामागे पेलाभर पाणी हा उपाय जुना आहे, पण उकाड्यात नाचणाऱ्यांना तो खरोखर लागतो.

बिल आणि बाटली

बिल आल्यावर दोन ओळी बघा. मद्यावर जीएसटी लागत नाही, त्यावर राज्याचा कर असतो. जीएसटी फक्त खाण्यावर आणि शीतपेयांवर. सगळ्या बेरजेवर सरसकट जीएसटी लावला असेल तर वेगळं करून मागा, मुकाट्याने बदलून देतात. सेवा शुल्क ऐच्छिक आहे. नको असेल तर तसं सांगा आणि वेटरला हातात द्या, ते त्याच्या जास्त कामाचं.

बाटली घरी न्यायची? रस्त्याने महाराष्ट्रात जात असाल तर नको. पत्रादेवीनंतर बांद्याजवळ इन्सुलीला आणि दोडामार्गाकडे तपासणी होते. ‘गोवा बनावटीची दारू’ सापडल्याच्या बातम्या वृत्तपत्रांच्या सिंधुदुर्ग आवृत्तीत रोज छापून येतात. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा दाखल होतो आणि दारूबरोबर गाडीही जप्त होते. डिकीतल्या चार बाटल्यांसाठी गाडी सोडवायला कोर्टाच्या चकरा माराव्या लागतात. विमानाने जात असाल तर २४ ते ७० टक्क्यांचं मद्य प्रत्येकी पाच लिटरपर्यंत चेक-इन सामानातून नेता येतं, दुकानातल्या मूळ सीलबंद बाटलीत; उतरल्यावर त्या राज्याचा कायदा लागू होतोच, तो आधी बघून ठेवा. भट्टीवरून प्लास्टिकच्या बाटलीत भरून घेतलेली फेणी विमानात चालत नाही. ती शेवटच्या संध्याकाळी इथेच संपवा, किंवा मुक्कामाच्या घरमालकाला देऊन टाका.